प्लायचं दुसरं टोक

आठ बाय चारची प्लायची शीट एकट्या माणसाला कापता येत नाही, असं जीवन म्हणायचा, आणि सुवर्णाच्या लग्नाची पहिली वर्षं त्या एका म्हणण्यावर सुखात गेली.

नाशिकला द्वारकेच्या चौकातून वडाळ्याकडे वळलं की टायरवाले, पाट्यावाले, ट्रकच्या बॉडीला रंग देणारे, अशी दुकानं लागतात. त्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड होती आणि शेडला चिकटून एक खोली. शेडमध्ये जीवनचा फर्निचरचा कारखाना, खोलीत त्याचा संसार. जीवन निफाडकडच्या शेतकरी घरातला, पण लहानपणी मामाकडे राहिला आणि मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकला. सुवर्णा मखमलाबादची. तिचे वडील भिमाजी शेवंती आणि झेंडू लावायचे. लग्नाआधी ती सकाळच्या फुलबाजारात वडिलांशेजारी पाटी घेऊन बसायची. लाकूड तिनं चुलीत सारण्यापलीकडे कधी हातात धरलं नव्हतं.

ब्याण्णव सालात लग्न झालं. त्या दिवाळीत जीवनचा हेल्पर गावाला म्हणून गेला तो गेलाच. शीट लाकडी घोड्यांवर चढवलेली, कापायची रेघ मारलेली, आणि धरायला कुणी नाही. जीवननं खोलीच्या दारातून हाक मारली, "सुवर्णा, जरा येतीस का? नुस्तं धरायचंय."

ती कणकेचे हात पुसत आली आणि प्लायचं दुसरं टोक धरून उभी राहिली. नुसतं धरणं नव्हतं ते. जीवन हातातला कटर रेघेवरून पुढे रेटत यायचा. धरणाऱ्यानं टोक जरासं खाली सोडलं की काप मिटायचा, पातं आवळून कटर मागे उसळायचा. जास्त उचललं की शेवटच्या वितीला प्लाय चरचरत फाटायचा. जीवनची नजर रेघेवर आणि सुवर्णाची जीवनवर. मोटरचा आवाज जड झाला की टोक किती उचलायचं ते तिच्या मनगटांना हळूहळू कळायला लागलं. मग दुसरा हेल्पर शोधायचं दोघांनाही आठवलं नाही.

कटर बंद झाला की जीवन बोलायला लागायचा. पंचवटीतल्या कुठल्याशा घरात देवघर बसवताना मालकाच्या सासूनं कसं तीनदा त्याचं तोंड फिरवायला लावलं, तो टायरवाला झोपेत कसा नट खोलायचे पाने मागतो, काहीही. रेघ मारता मारता बोलायचा, खिळा ओठात धरून बोलायचा. सुवर्णाच्या केसांत भुसा, नाकात डिंकाचा वास, आणि कानात त्याचं बोलणं. त्यांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, एक नवसही झाला, आणि मग दोघांनी न ठरवताच तो विषय काढायचा बंद केला. सासरे वारल्यावर सासूबाई नवसाबाई निफाडहून यांच्याकडे राहायला आल्या. खोली लहान होती, पण दिवसभर शेड होतीच.

नव्वदचं दशक सरता सरता शहरात तयार फर्निचरची मोठी शोरूम उघडायला लागली. लोक कपाट बनवून घेण्याऐवजी उचलून आणायला लागले. शीट घोड्यांवर चढायच्या दिवसांपेक्षा न चढायचे दिवस वाढले. त्याच सुमारास शारजाच्या एका कारखान्यासाठी सुतार निवडणारा माणूस नाशिकला आला. जीवननं त्याच्यासमोर एक सांधा जुळवून दाखवला आणि तो निवडला गेला.

"दोन वर्षांचा तर प्रश्न हाय," तो म्हणाला.

"जा ना मग," सुवर्णा म्हणाली. दुसरं काय म्हणायचं हे तिला सुचलं नव्हतं.

तो गेल्यावर शेड बंदच राहिली. सुवर्णा सकाळी मखमलाबादला जाऊन वडिलांच्या मळ्यात फुलं तोडायची, दुपारी परत यायची. पण रोज येऊन शेड उघडायची, झाडायची आणि पुन्हा कुलूप लावायची. नवसाबाई म्हणायच्या, "कशाला झाडतीस? तिथं भुसा तरी पडतो का आता?" ती झाडत राहायची. शुक्रवारी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडीवर जीवनचा फोन यायचा. फोनवर तो कमी बोलायचा. इतका बोलका माणूस, पण फोनच्या नळीत शब्द सांडायला नको असं जपून बोलायचा.

दोन वर्षांची चार झाली, तेव्हा कुठं दोन हजार चार साली तो सुट्टीवर आला. रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या छातीएवढा उंच, अरुंद खोका होता. नवसाबाईंना वाटलं, खाटेच्या पाट्या आणल्या.

खोक्यात ॲल्युमिनिअमच्या दोन लांब पट्ट्या निघाल्या. बॅगेत कपड्यांत गुंडाळलेलं मशीन होतं. गोल पात्याचंच, पण आपल्या कटरसारखं उघडं नाही, पातं सगळं आत झाकलेलं. मशीनच्या बुडाला खाच होती आणि पट्टीवर उभा कणा. खाच कण्यावर बसली की मशीन आगगाडीसारखं पट्टीवरून पुढे-मागे सरकायचं, डावी-उजवीकडे केसभरही हलायचं नाही.

"आमच्या कारखान्यात जुनं झालं म्हणून काढलं," जीवन म्हणाला. "मी मागून घेतलं."

दुसऱ्याच दिवशी त्यानं प्लग बदलला, बाजारातून प्लायची एक शीट आणली आणि शेडमध्ये जमिनीवर थर्माकोलचा जाड ताव टाकून त्यावर शीट आडवी केली. घोड्या कोपऱ्यातच राहिल्या. दोन्ही पट्ट्या मधल्या सळईनं जोडून त्यानं लांब पट्टी केली. शीटच्या दोन टोकांना पेन्सिलीच्या दोन खुणा केल्या आणि पट्टीची कड त्या खुणांना लावली.

"रेघ नाय मारायची?" सुवर्णानं विचारलं.

"नाय लागत. ही काळी रबराची कड बघ. पट्टी नवी असती तेव्हा पहिल्या कापाला मशीन ही कड आपली आपण छाटून घेतं. मग कड जिथं, तिथंच पातं. आणि रबर वरून दाबून धरतं, म्हणून चिपा उडत नाय." त्यानं पात्याची खोली प्लायपेक्षा जराशी जास्त ठेवली. पातं थर्माकोलमध्ये थोडंसं जाईल, फरशीपर्यंत नाही.

सुवर्णा सवयीनं दुसऱ्या टोकाशी जाऊन उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हात शीटला लावले. जीवन हसला.

"सोड. काय धरायचंय त्यात? जमिनीवर तर हाय."

तिनं हात काढले. जीवननं मशीन सुरू केलं, खाली दाबलं, पातं प्लायमध्ये उतरलं, आणि तो गुडघ्यांवर सरकत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत आला. दाब सोडला तसं पातं आपोआप वर जाऊन झाकलं गेलं. शीट हललीसुद्धा नव्हती. पट्टी उचलल्यावर सुवर्णानं कापावरून बोट फिरवलं. कारखान्यातून आलेल्या कडेपेक्षा ही कड गुळगुळीत होती.

"आता तुला माणूस लागणार नाय," जीवन म्हणाला. "मी असलो काय नसलो काय, शेड चालंल तुझी."

तेव्हा ती खूश झाली होती. त्यानं सुट्टीभर तिला शिकवलं. सनमायका लावलेल्या फळीवर आधी मशीनचा वरवरचा हलका हात फिरवायचा, मग पूर्ण खोल. कापलेल्या फळीला कोनाकोनी टेप लावून बघायची, दोन्हीकडून सारखं भरलं तर फळी काटकोनात. सुट्टी संपून तो गेला. त्याचं ते वाक्य मग तिला भाकरी थापताना, बसची वाट बघताना, कुठंही आठवायला लागलं. आणि जितक्यांदा आठवलं तितकं ते कमी चांगलं वाटायला लागलं.

एकटीनं काम करताना पहिलाच घाणा बिघडला. गोजराबाई म्हणून दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्स तिडके कॉलनीत राहायच्या, त्यांना भिंतीतलं कपाट हवं होतं. जीवननं जाता जाता ते काम सुवर्णाच्या नावानं घेऊन ठेवलं होतं. तिनं मापं बरोबर घेतली, खुणा बरोबर केल्या, पण पट्टी खुणेच्या उलट बाजूला ठेवली. पात्याची जाडी हव्या असलेल्या फळीतून गेली, आणि कपाटाचे सगळे कप्पे थोडे आखूड पडले. बाजूच्या फळ्यांशी फट. ती फट बघत ती शेडमध्ये बराच वेळ बसून राहिली. विचारायला कुणी नव्हतं. मग तिला स्वतःलाच उमगलं, ठेवायची फळी पट्टीखाली पाहिजे, टाकायची पट्टीबाहेर. तिनं सगळे कप्पे नव्यानं कापले आणि जुने कप्पे चपलांच्या रॅकला वापरले.

गोजराबाईंनी कपाट उघडून, मिटून बघितलं.

"एकटीनं केलंत?"

"हो."

"मीही एकटीच राहते," त्या म्हणाल्या, "पण मला आवाज नसला की करमत नाही, रेडिओ लावते मी. तुम्ही काय करता?"

सुवर्णानं कपाटाचं दार पुन्हा एकदा लावून बघितलं. मशीन चालू असलं की एवढा आवाज, पण तो आवाज करमण्याचा नव्हता.

त्या कपाटावरून दुसरं काम आलं, त्यावरून तिसरं. नव्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉल्या बसवायची टूम निघाली होती, आणि ट्रॉलीला फळीची कड सरळ लागते. टेम्पोवाला शीटा आणून भिंतीला टेकवून जायचा. सुवर्णा त्यातली एकेक शीट कोपऱ्यावर उभी करून, आधी हा कोपरा मग तो असं करत, माणसाला चालवावं तशी चालवत थर्माकोलपर्यंत आणायची आणि हळूहळू आडवी करायची. काही महिन्यांनी मळ्यात जायचं तिनं सोडून दिलं. भिमाजी एकदा शेडमध्ये आले, पट्टीवर वाकलेल्या लेकीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मळ्यात निदान चार बाया तरी असतात गं बोलायला." मग परडीभर शेवंती ठेवून गेले.

त्यांचं बरोबरच होतं. मशीन बंद झालं की शेडमध्ये जी शांतता व्हायची तिची तिला सवय झाली नाही. द्वारकेच्या चौकातले हॉर्न ऐकू यायचे, टायरवाल्याचा पंप ऐकू यायचा, पण ते सगळं गल्लीपलीकडचं. ती मापं मोठ्यानं बोलायला लागली. टेप लावायची आणि भिंतीला सांगायची. दारात बसलेल्या नवसाबाईंना कमी ऐकू यायचं. त्या विचारायच्या, "काय म्हणलीस?" तेवढं एक "काय म्हणलीस" सुद्धा तिला बरं वाटायचं. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की काप अर्ध्यात थांबायचा आणि दोघी दारात बसून वीज यायची वाट बघायच्या.

जीवनचे फोन आता मोबाईलवर यायचे, पण शुक्रवारचे महिन्याचे झाले, महिन्याचे सणावारी आले. "पुढच्या वर्षी येतो," हे मात्र दर फोनला. नवसाबाईच एक दिवस म्हणाल्या, "बाई असंल गं तिथं." स्वतःच्या लेकाबद्दल म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर लसूण सोलत राहिल्या.

सुवर्णानं पुढच्या फोनला विचारलंच. "अहो, तिथं कुणी हाय का?"

प्रश्न तिला दोनदा विचारावा लागला.

"नाय," जीवन म्हणाला. "कुणीच नाय."

त्यातलं 'नाय' तेवढं तिनं ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही यात पुढचे किती दिवस गेले. 'कुणीच' या शब्दाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात नवसाबाई गेल्या. सकाळी चहा घेतला, दारात बसल्या आणि भिंतीला टेकल्या त्या तशाच. सुवर्णा आत कापत होती. काप संपल्यावर तिनं मोठ्यानं माप सांगितलं. बाहेरून "काय म्हणलीस" आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मग ती मशीन ठेवून बाहेर आली.

जीवनला फोन लागला. तो ऐकत राहिला. "मला निघता येणार नाय," म्हणाला. का, ते सांगितलं नाही. चितेला अग्नी चुलत दिरानं दिला. भिमाजी दहाव्यापर्यंत शेडमध्येच झोपले, आणि तेही मखमलाबादला परतल्यावर सुवर्णा खोलीत खरोखरीची एकटी झाली. तिनं जीवनला फोन करणं बंद केलं. त्यानं केला तर उचलायची, "बरंय" म्हणायची. कामं चांगली होत होती. गंगापूर रोडवरून, इंदिरानगरातून लोक शोधत यायचे. दारावर येऊन विचारायचे, "मिस्त्री आहेत का?" ती म्हणायची, "मीच. बोला."

दोन हजार नऊच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ती कपाटाच्या शटरच्या फळ्या कापत होती. पांढरी सनमायका होती, चिप उडली तर लगेच दिसणारी. सगळं लक्ष पात्यावर. काप संपला, तिनं मशीन बंद केलं, पट्टी उचलली, आणि दारात कुणी उभं आहे असं वाटून मान वर केली. जीवन होता. केव्हाचा उभा होता कोण जाणे, काप संपायची वाट बघत. हातात एक छोटी बॅग. केस पांढरे झालेले, शर्ट खांद्यांवरून लोंबत होता.

तो आत आला. काही न बोलता शीटच्या पलीकडच्या टोकाशी गेला, खाली बसला आणि त्यानं शीटला दोन्ही हात लावले. शीट जमिनीवर सपाट पडली होती. धरण्यासारखं काही नव्हतं. त्याच्याही ते ध्यानात आलं. तो तसाच हात लावून बसला.

"पाणी देते," सुवर्णा म्हणाली आणि आत गेली. आत माठाशी पेल्यापेक्षा जास्त पाणी जमिनीवर गेलं.

ती त्याला काही विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. सकाळी दोघं शेडमध्ये यायचे. तिनं पट्टी लावली की तो जवळ येऊन दाबून धरायचा. दाबायची गरज नसायची, उलट त्या दाबानं पट्टी खुणेवरून सरकायची. ती पुन्हा लावायची. कापलेली फळी तो उचलून भलत्याच थप्पीत ठेवायचा. तिची थप्पी लावायची एक रीत होती, ती कुणाला सांगायची वेळच कधी आली नव्हती. आता सांगायचं तर शब्द सापडायचे नाहीत.

एकदा तो वाटेत उभा होता म्हणून ती जरा जोरात म्हणाली, "सरका ना." तो सरकला. कोपऱ्यात घोड्यांपाशी जाऊन उभा राहिला. तिला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट हे वाटलं की तो गेल्यावर तिला मोकळं वाटलं. इतकी वर्षं माणूस नाही म्हणून झुरली, आणि माणूस आला तर जागा होत नव्हती. तो नव्हता तेव्हा ती नुसती एकटी होती. आता तो समोर होता आणि तरी ती एकटीच होती, हे जास्त जड होतं.

एका संध्याकाळी वीज गेली. अर्धवट कापलेल्या फळीवर मशीन तसंच राहिलं. जीवन दारात बसला होता, नवसाबाई बसायच्या तिथंच. तो बाहेर बघत म्हणाला, "हे मशीन मी आणलं ना, तेव्हाच तिथलं माझं काम गेलं होतं."

सुवर्णानं हातातली टेप गुंडाळली.

"कारखान्यात मोठं मशीन आलं. खोलीएवढं. शीट आत सारायची, आकडे दाबायचे, पलीकडून फळ्या कापून बाहेर. पट्टीवर कापणारी आम्ही सगळी माणसं बाजूला काढली. मला शीटा वाहायला ठेवलं. मी सुट्टीवर आलो तेव्हा वाहणाराच होतो."

"मग परत कशाला गेला?"

"इथं सांगायला लाज वाटली. तू किती खूश झाली होती." तो बाहेरच बघत होता. "मग तेबी सुटलं. व्हिसा संपला. कागद नव्हते, भाजीच्या मार्केटात चोरून माल उतरवायचो. आई गेली तेव्हा निघालो असतो तर विमानतळावरच धरलं असतं. यंदा धरलंच. काही दिवस ठेवलं आणि पाठवून दिलं."

सुवर्णा फळीवर बसली. तिला राग येत होता, आणि तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं.

"तुमच्या आईच म्हणायच्या, तिथं बाई हाय."

जीवननं नाही म्हणून मान हलवली.

"बाई असती तरी परवडलं असतं हो," ती म्हणाली. "मी तिच्यावर राग तरी धरला असता. मी इतकी वर्षं इथं बसून, कोण असंल, कशी दिसत असंल, याचा विचार करत काढली. आणि तिथं तुम्ही एकटे गोण्या उतरवत होता. एक फोन करून सांगायचं होतं. दोघं मिळून रडलो असतो."

तेवढ्यात वीज आली, दिवा लागला, मशीनवरचा बारीक लाल दिवाही लागला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. बऱ्याच वेळानं सुवर्णानं उठून दोन्ही पट्ट्या पुसून भिंतीला लावल्या आणि स्वयंपाकाला लागली. अर्धवट काप तिनं दुसऱ्या दिवशी पुरा केला. जिथं पातं थांबलं होतं तिथं कडेला एक करपट डाग राहिला.

त्या बोलण्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. राग उतरायला वेळ लागला आणि पूर्ण उतरला असंही तिला वाटेना. पण तो वाटेत उभा राहिला तर ती आता "सरका" म्हणायची नाही, वळसा घालून जायची. जीवनलाच ते सोसवेना. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्या ओळखीतल्या सोमनाथनं त्याला पिंपळगाव बसवंतला बोलावलं. तिथल्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या रचायचे लाकडी पॅलेट ठोकायला माणसं हवी होती. हंगाम असेपर्यंत राहायचं तिथंच.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

पहिल्या खेपेसारखं तिनं लगेच "जा" म्हटलं नाही. विचार केला. "जावंसं वाटतं का तुम्हाला?"

"तिथं माझं काम हाय," तो म्हणाला. "इथं तुझं हाय."

हे खरं होतं. ती म्हणाली, "जा. पिंपळगाव काय शारजा नाय."

महिनाभर ती गेली नाही. तो फोन करायचा, जेवलीस का, जेवले, एवढंच बोलणं व्हायचं. मग एका गुरुवारी, हातातलं काम अर्धं टाकून, तिनं मेथीची भाजी आणि भाकरी बांधून घेतल्या आणि द्वारकेवरून पिंपळगावची एसटी पकडली. जाऊन काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं.

पॅकहाउसच्या आवारात टेम्पोंची रांग होती. आत बाया द्राक्षांचे घड कातरत होत्या. मागच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत, दोन माणसं एका पॅलेटच्या दोन बाजूंना बसून खिळे ठोकत होती. एक जीवन, दुसरा बहिरू नावाचा म्हातारा. जीवन काहीतरी सांगत होता आणि बहिरू हातोडी थांबवून हसत होता. मग जीवनही हसला. ते हसणं सुवर्णानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं. ती टेम्पोच्या आडोशाला उभी राहिली. आपण पुढे गेलो तर ते थांबेल असं तिला वाटलं. आनंद झाला, पण तो पुरा होईना. हा माणूस बरा होत होता, पण तिच्यापासून लांब.

बहिरूनंच तिला आधी बघितलं. "जीवनभाऊ, कुणी आलंय बघ."

जीवन उठला, पँटवरचा भुसा झटकला. बहिरू पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला. दोघं पॅलेटवर बसून जेवले. मेथीत मीठ कमी झालं होतं, त्यानं काही म्हटलं नाही, तिनंच म्हटलं.

"राहतीस का आज?" त्यानं विचारलं. मग स्वतःच ओशाळला. "खोलीत आम्ही चौघं असतो."

"मी कुठं निजू, द्राक्षांच्या पेटीत?" ती म्हणाली, आणि दोघांना हसू आलं.

हसणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "हंगाम संपल्यावर मी कुठं जायचं, ते तू सांग."

सुवर्णा डब्याचं झाकण लावत होती. झाकण बसेना, तिनं ते काढून पुन्हा लावलं. "घरी यायचं," ती म्हणाली. "कामाचं मग बघू. बसवायला, फिटिंगला माणूस लागतोच मला. पण घाई नका करू. मला जरा सवय लागू द्या."

"बरं," जीवन म्हणाला.

टेम्पोवाल्यानं हाक मारली, पॅलेट हवे होते. जीवननं आतून पिशवीभर द्राक्षं आणून दिली. मण्यांचा आकार लहान म्हणून निर्यातीतून काढलेली. "गोड हायेत," तो म्हणाला. तिला सोडायला तो हायवेपर्यंत आला, पण गाडी यायच्या आधीच त्याला परत जावं लागलं.

परतीच्या गाडीत तिला खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती बाहेर बघत होती. ओझर गेलं, आडगाव गेलं असेल, तिला कळलं नाही. द्वारकेला उतरायचं होतं, पण डोळा लागला. बसमध्ये असं झोपणं तिच्या स्वभावात नव्हतं. कंडक्टरनं खांद्याला हात न लावता सीटचा दांडा वाजवला, "मावशी, सीबीएस स्टँड आला, शेवटचा."

ती दचकून उतरली. उन्हं कलली होती. रिक्षा न करता ती परत द्वारकेच्या दिशेनं चालत निघाली, शालिमारवरून, गर्दीतून, पिशवीतला एकेक मणी तोंडात टाकत. मणी खरंच गोड होते.